बिनइंजिनाचा पोळा

पोळ्याच्या सकाळी ऋषिकेशनं आईला एकच गोष्ट तीनदा सांगितली. मुंबईचे साहेब लोक फाटकाबाहेर गेल्याशिवाय तोरणाला हात लावायचा नाही.

"ऐकलं मी," गोपिकाबाई म्हणाल्या. "बहिरी नाही झाली अजून."

"तसं नाही आई. तू तिथं झडत्या-गिडत्या ऐकून भावनेच्या भरात..."

"भावना गेली तुह्या बापासंग. चहा पे."

रुपराव गभणे गेल्यापासून तोरणाचा मान गोपिकाबाईंकडे आला होता. तेव्हा काय कमी आरडाओरड झाली! विधवा बाईनं तोरण तोडायचं का, म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. पण कारखान्याच्या फाटकावर गोविंदानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, वहिनीच तोडन, ज्याले पटत नाही त्यानं घरी जावं. युनियनचा म्होरक्या बोलला म्हटल्यावर भाऊबंद गप्प बसले. तसेही ते करंज्या खायलाच आले होते.

रुपराव शेतकऱ्याचं पोर. कामठीत ट्रकच्या बॉड्या ठोकता ठोकता हिंगण्याच्या एमआयडीसीत कारखान्यापर्यंत पोचले आणि शेवटी स्वतःची छोटी कार काढली. बैल सुटले, पोळा काही सुटला नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी ते नव्या गाड्यांच्या बॉनेटला हळद-तूप चोळत आणि बैलाला सांगावं तसं सांगत, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' दुसऱ्या दिवशी फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण, तोरणामागे गाड्यांची रांग. कामगार झडत्या म्हणत, त्या टोमण्यांच्या गाण्यांतून मालकाची यथेच्छ सालं काढत. त्या दिवशी मालकानं रागवायचं नाही, अशी रीत. मग रुपराव तोरण तोडत आणि सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत सुसाट बाहेर पडत.

कारचं नाव त्यांनी 'गोपिका' ठेवलं. बायकोला विचारलं नव्हतं. मग काय, सारी हयात बाईनं ऐकलं, गोपिका चढावर दम टाकते, गोपिका धूर सोडते, गोपिका विकून टाका आता. धरमपेठेतल्या बाजारात भाजीवालासुद्धा तिच्या तोंडावर म्हणायचा. ती हसायची. करणार काय?

आता गोपिका कोणी घेतच नव्हतं. इंजिन पुरवणाऱ्यानं थकबाकीपायी माल बंद केला होता. कारखान्यात गाड्या उभ्या होत्या त्या नुसत्या सांगाड्याच्या. आत सीटा, बाहेर रंग, पोटात काही नाही. सरकार कर्ज देणार की नाही हे ठरवायला मुंबईहून पथक येणार होतं, आणि त्यांना चालता कारखाना पाहायचा होता. त्यात कोणीतरी त्यांना गाड्यांच्या पोळ्याचं सांगितलं. साहेब एकदम खूष. पोळ्यालाच येतो म्हणाले. आनंदानं ऋषिकेशची झोप उडाली, आणि दुसऱ्या दिवशी भीतीनं.

त्यानं तोड काढली. पहिल्या चार गाड्यांत इंजिन होतं, त्या पुढे. बाकीच्या मागे, बॉनेटवर झूल करकचून बांधलेली, म्हणजे कोणी उघडायला नको. साहेबांनी रांग पाहायची, झडत्या ऐकायच्या, पुरणपोळी खायची आणि विमानतळ गाठायचं. तोरण नंतर.

"अन् तोरण तोडल्याशिवाय पोळा फुटतो का गा?" गोपिकाबाईंनी विचारलं होतं.

"त्यांना काय समजते आई? मुंबईचे आहेत."

कामिनी मनीषनगरहून आली तेव्हा चहा तिसऱ्यांदा झाला होता. ती ऋषिकेशची धाकटी बहीण, सगळ्यांत धाकट्या अमोलपेक्षा मोठी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी आणि घरात त्याचीच किंमत मोजणारी. आल्या आल्या तिनं पर्स ठेवली नाही, तोच विषय काढला.

"झुली कुठून आणल्या दादा? भाड्यानं?"

"सणाच्या दिवशी सुरू नको करू," ऋषिकेश म्हणाला.

"मी काय सुरू केलं? तू सरकारला फसवून राहिला."

"फसवून? बाहेरच्या कंपन्या येतात, त्यांना जमीन फुकटात, वीज स्वस्तात, दहा वर्षं टॅक्स माफ. तेव्हा तुझं अर्थशास्त्र कुठं झोपून राहते? त्यांना दिलं की गुंतवणूक, आपण मागितलं की भीक! बाबांनी इथं कार काढली, या विदर्भात, जिथं कोणी सायकलचा कारखाना काढायला तयार नव्हतं. मी परत फेडीन म्हणतो, दान नाही मागून राहिलो."

"त्यांनाही देऊ नये. मी कधी म्हटलं द्यावं? पण तू बाबांच्या वेळचीच गाडी रंग बदलून विकतोस. जी गाडी लोकांनी स्वतःच्या खिशातून घेतली नाही, ती त्यांच्या टॅक्सातून काहून घ्यायची? आमच्या कॉलेजात तासिकेवरच्या पोरांचे पगार थकलेत. सरकारी दवाखान्यात सुई बाहेरून आणावी लागते. तिथं पैसे नाहीत, अन् गभण्यांसाठी आहेत?"

"अकराशे घरं आहेत त्या गाडीमागे."

"मग त्या अकराशे घरांना द्या नं! मधात गभणे कशाले?"

ऋषिकेशनं कप बशीत आपटला. "तुले पैशाचा राग नाही ताई. बाबांनी तुले केबिन नाही दिली, त्याचा राग आहे."

तो मोठा असून तिला ताई म्हणाला की समजायचं, घाव घालतोय.  कामिनी बावीसची असताना कारखान्यात बसते म्हणाली होती, आणि रुपरावांनी हसून तिच्या हातात करंजीची परात दिली होती. पोळ्याला तर पोरींनी तोरणाखालून जायचंसुद्धा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"हो, आहे राग," ती म्हणाली. "मग? राग आहे म्हणून हिशेब चुकतो का?"

धाकटा अमोल करंजी खात होता. कारखान्याचं बँकेचं काम तो बघायचा. "तसं पाहिलं तर दोघंही बरोबर आहात," तो म्हणाला. अमोल जन्मापासून असंच म्हणत आला होता.

"तू चूप," दोघं एकदमच म्हणाले.

गभण्यांच्या घरात खोटं बोलायची जागा बैठक, आणि खरं बोलायची स्वयंपाकघर. ऋषिकेश पुढे कारखान्यात गेला तसा अमोल कामिनीच्या मागे आत आला. गोपिकाबाई पाट्यापाशी बसून पुरण वाटत होत्या. मिक्सर होता, पण पोळ्याचं पुरण पाट्यावरचंच, हा त्यांचा हट्ट. अमोलनं आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"ताई, मी सांगितलं असं म्हणजो नको."

"बोल."

"कर्ज आलं तरी इंजिन येत नाही. आलेला पैसा आधी बँकेत जाईल. हे घर गहाण आहे, दादाची अन् माझी जामीनकी आहे. ती सुटली की मग... म्हणजे एखादं वर्ष कारखाना चालल्यासारखा दाखवायचा. मग बंद. जमिनीला गिऱ्हाईक पाहून ठेवलंय."

"सरकारच्या पैशानं घर सोडवायचं?"

"तसंच काही नाही..."

"तसंच आहे! अन् कामगार?"

अमोलनं खांदे उडवले. कामिनीला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. लहानपणी हाच पोट्टा तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरायचा आणि बोजारा म्हणून मिळालेले पैसे तिच्यापाशी ठेवायला द्यायचा, दादा घेईल म्हणून. आताही तेच करत होता. गुपित तिच्यापाशी ठेवायला आला होता.

"दादाला सांग नं तू," अमोल म्हणाला. "तुझं ऐकते तो."

"माझं ऐकते? आत्ता पाहिलं नाहीस?" ती आईकडे वळली. "आई, ऐकलंस नं? मग साहेबांसमोरच तोड तोरण. तुझा मान आहे, तुला कोण अडवते? तोरण तुटलं की गाड्या निघायला पाहिजेत. नाही निघाल्या की त्यांना दिसेल काय ते. पत्र नको, तक्रार नको."

गोपिकाबाईंचा हात थांबला नाही. "अन् अकराशे घरं?"

"ती वर्षभरानं मरणारच आहेत. निदान आज कळेल त्यांना. दुसरीकडे हातपाय मारतील."

"तुह्या भावाची इज्जत?"

"त्यानं काही ठेवलीय का?"

"अन् हे घर?" गोपिकाबाईंनी विचारलं. त्यांनी पुरणाचा गोळा पातेल्यात टाकला, हात धुतले. "चला. उशीर होऊन राहिला."

कारखान्यावर आलेले साहेब भले माणूस निघाले. चष्मा, पांढरा सदरा, मराठी स्वच्छ. आल्याबरोबर गोपिकाबाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "म्हणजे ज्यांच्या नावाची गाडी, त्या आपणच!" ऋषिकेश मोठ्यानं हसला. आज तो सगळ्याच गोष्टींना मोठ्यानं हसत होता.

पहिल्या चार गाड्या त्यानं चालू करून दाखवल्या. इंजिनं घुरघुरली. साहेबांनी मान डोलावली. बाकीच्या रांगेवर नजर टाकून "सुंदर" म्हणाले. गाड्यांच्या आरशांना गोंडे, काचेवर हळदीकुंकू, बॉनेटवर झुली. गोपिकाबाई तोरणापाशी खुर्चीवर बसल्या होत्या, आणि ऋषिकेश त्यांच्या हातांकडे पाहत होता. त्याला साहेबांची भीती वाटत नव्हती. आईचीही नाही, असं तो स्वतःला सांगत होता. आईनं आजवर बाबांचा कुठला शब्द मोडला? मग त्याचा का मोडेल? त्यानं सगळं आईसाठीच तर केलं होतं. उतारवयात तिला धरमपेठ सोडून कुठल्या दोन खोल्यांत न्यायची? हे कोणी समजून घेत नाही. कामिनी तर नाहीच नाही. गर्दीत उभी राहून ती आईकडेच टक लावून होती, आणि अमोल दिसेल तिथून नाहीसा होत होता. काहीतरी शिजलंय हे ऋषिकेशला कळलं, पण आता साहेबांना सोडून जाता येईना.

झडत्या सुरू झाल्या. जुने कामगार एकेक पुढे येऊन बोलून गेले. कँटीनच्या डाळीवर, सुपरवायझरच्या पोटावर. साहेब हसत होते. मग गोविंदा पुढे आला. रुपरावांबरोबर कामठीच्या शेडमध्ये पत्रा ठोकलेला माणूस, गोपिकाबाईंच्या हातचा डबा खाल्लेला. त्यानं शेला खांद्यावर टाकला आणि आवाज लावला.

"टिनाचा बैल, काचेचा डोया,
दाना नाही पानी नाही, भरला पोया!
पोटात नाही आतडं, पाठीवर झूल,
मालक म्हने धावते, सरकार म्हने कबूल!
एक नमन गौरा पारबती, हर बोला..."

"हर हर महादेव!" सगळा कारखाना ओरडला.

ऋषिकेशनं घाबरून साहेबांकडे पाहिलं. साहेब मात्र टाळ्या वाजवत होते. "वा! सरकारलाही सोडलं नाही!" त्यांनी सोबतच्या बाईंना ते लिहून घ्यायला सांगितलं.

"सर, आता जेवून घ्या," ऋषिकेश म्हणाला. "पुरणपोळी गरम आहे. विमान..."

"तोरण राहिलं ना?"

"ते उशिरा असते सर. मुहूर्त..."

गोपिकाबाई उठल्या.

त्यांच्या मनात त्या वेळी काय होतं, हे घरात पुढे पुष्कळ चघळलं गेलं. कामिनी म्हणायची, माझ्या बोलण्यानं. अमोल म्हणायचा, वयानं. खरं एवढंच, की समोर गोविंदा उभा होता, झडती म्हणून दमलेला. पोटात आतडं नाही हे त्याला दिसलं होतं, पण कर्ज आल्यावर ते भरलं जाईल असं तो धरून बसला असणार, असं बाईंना वाटलं. आणि त्याच्याशी आपण रोज खोटं बोलतोय, हे त्यांना सहन होईना. पोरांचं पाप आपण तोरणासारखं धरून ठेवायचं? कशाला? नवऱ्यानं नाव वापरलं तेव्हा गप्प बसले, पोरगा हात वापरतोय तर गप्प बसू? त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरला.

"आई!" ऋषिकेश म्हणाला.

दोर जाड होता. गोपिकाबाईंच्या हातून पहिल्या हिसक्याला तुटला नाही. दुसऱ्याला तुटला.

पहिल्या चार गाड्या हॉर्न वाजवत निघून गेल्या. पाचवी जागची हलली नाही. तिच्यामागची हलली नाही. रांग तशीच उभी, गोंडे वाऱ्यावर हलतायत, ड्रायव्हर स्टिअरिंग धरून समोर बघतायत. साहेबांनी चष्मा वर सरकवला. "काय झालं? बाकीच्या निघत नाहीत?"

ऋषिकेश साहेबांच्या आणि रांगेच्या मधे येऊन उभा राहिला. कामिनी एक पाऊल पुढे आली. झालं. आता दिसलं.

तेवढ्यात गोविंदानं शेला कमरेला बांधला.

"पोट्टेहो! लावा खांदा!"

 आधी दहा-वीस जण धावले, मग सगळेच. पाचव्या गाडीच्या मागे खांदे लागले, मग सहावीच्या, सातवीच्या. 'हर हर महादेव' म्हणत गाड्या हलल्या.

"साहेब," गोविंदा जाता जाता म्हणाला, "पोयाले बैलाले जुंपत नसतेत. सालभर तो आपल्याले वाहते, आज आपन त्याले वाह्याचं. पुढच्या चार तुमच्यासाठी चालू केल्या, पाव्हन्याइच्या मानाच्या. बाकीच्याइले आज आराम."

अशी रीत या कारखान्यात कधीच नव्हती. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक कामगाराला ते ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण ढकलत होता.

साहेबांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, नाटक नव्हतं. "मालक-कामगारांचं असं नातं आजकाल कुठं दिसतं?" ते ऋषिकेशचा हात धरून म्हणाले. "माझ्या अहवालात हे येणार. काळजी करू नका."

फाटकाच्या उंचवट्यावर एक गाडी अडली. गोविंदा मागून रेटत होता. त्याचा पाय घसरला, गाडी इंचभर मागे आली. कामिनी जवळच होती. तिनं विचार केला असता तर हात लावला नसता. पण तिनं खांदा दिला, आणि गाडी उंचवटा चढून तुटलेल्या तोरणाखालून बाहेर गेली, तीही गाडीमागे. रस्त्यावर आल्यावर तिला कळलं, आपण कुठून बाहेर आलो. मागे वळून पाहिलं तर दादा तिच्याकडे पाहत होता, आणि हात जोडून उभा होता. त्या नमस्काराची तिला शिसारी आली. ती तशीच रस्त्यानं पुढे चालत गेली, आत राहिलेली पर्स आणायलाही परतली नाही.

साहेब जेवून गेले. ऋषिकेश त्यांना विमानतळावर सोडायला गेला. जाताना आईशी एक अक्षर बोलला नाही. अमोल आला, "बरं झालं नं आई, सगळं नीटच झालं," म्हणाला. गोपिकाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हिशेब बघायला म्हणून आत पळाला.

रीतीप्रमाणे त्या ताट घेऊन फाटकाशी बसल्या. ताटात करंज्या आणि नव्या नोटा. बैल दारी आणणाऱ्याला बोजारा द्यायचा, तो कोणीही असो. गोविंदा पहिला आला. सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"बोजारा दे वं वहिनी."

"गोविंदा, तुले काही सांगाचं हाये."

"सांग."

"ते कर्ज इंजिनाले नाही. घराले हाये, आमच्या. सालभरात कुलूप लावतीन हे पोट्टे फाटकाले."

गोविंदानं शेल्यानं मान पुसली. "ठाऊक हाये. तुह्या अमोलच्या तोंडात तीळ भिजत नाही."

गोपिकाबाईंनी उचललेली करंजी परत ताटात ठेवली. "ठाऊक हाये? मंग काहून ढकलल्या?"

"साल तर निघन नं," तो म्हणाला. "कोनाची पोरगी बारावीत हाये, कोनाच्या घरी लगन. साल निघालं का मंग पाहू. चोराच्याच हातानं भाकर भेटत असन त हात कापून कसं चालन? पन तू काहून तोडलं वं आज?"

"तुह्यासाठी तोडलं."

"माह्यासाठी?" त्याला हसू आलं, पण ते काही बरं हसू नव्हतं. "मले इचारलं असतं त म्हटलं असतं, नोको तोडू."

खरंच, विचारलं नव्हतं. गोपिकाबाई त्याच्या खांद्याकडे पाहत राहिल्या. सदऱ्यावर गाडीची हळद लागली होती.

"दे आता," गोविंदा म्हणाला. "खांदे भरून आले."

त्यांनी नोट आणि करंजी त्याच्या हातावर ठेवली. गोविंदानं नोट कपाळाला लावली, बाजूला झाला आणि मागच्याला पुढे ये म्हणाला. ढकलणारे सगळेच आले होते. रांग रस्त्यावर वळून पार चौकापर्यंत गेली होती, आणि ताटातल्या नोटा पुरणार नव्हत्या.